इंग्रजीतले ‘इफ’ : एक शब्द, अनेक व्यवहार

इंग्रजीच्या तासाला ‘इफ’ची वाक्ये शिकवायची वेळ आली की फळ्यावर तीन चौकटी पडतात. पहिलीत ‘इफ इट रेन्स, वुई विल कॅन्सल द पिकनिक’, दुसरीत ‘इफ आय वेअर अ बर्ड, आय वुड फ्लाय’ आणि तिसरीत ‘इफ ही हॅड स्टडीड, ही वुड हॅव पास्ड’. काही पुस्तके यांच्या आधी शून्य क्रमांकाची आणखी एक चौकट घालतात : ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ मुले क्रियापदांची रूपे पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, गुण मिळवतात. मग घंटा होते आणि तीच मुले विज्ञानाच्या किंवा गणिताच्या तासाला बसतात. तिथेही दर दोन मिनिटांनी ‘इफ’ किंवा ‘जर-तर’ येतच असते. पण या ‘इफ’चा मघाच्या ‘इफ’शी काय संबंध, हे कोणी सांगत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना तो विज्ञानाचा प्रश्न वाटतो, विज्ञानाच्या शिक्षकांना व्याकरणाचा. संशोधनात दिवस घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र वाटते की, विज्ञानातल्या विचाराच्या निम्म्या चुका या दोन अक्षरी शब्दाभोवती घडतात. म्हणून या वाक्यरचनेकडे जरा सावकाश पाहू.

आधी रूपांचा गुंता. मराठीत आपण म्हणतो, ‘उद्या पाऊस आला तर सहल रद्द करू.’ पाऊस उद्याचा, पण क्रियापद ‘आला’, म्हणजे भूतकाळी रूपाचे! आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. इंग्रजीत मात्र इथे वर्तमानकाळी ‘रेन्स’ लागते. ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ असे भूतकाळी रूप वापरले तर वाक्य चुकत नाही, पण त्याचा रोख बदलतो : पाऊस यायची शक्यता बोलणाऱ्याला फारशी वाटत नाही, असे ऐकणारा समजतो. म्हणजे मराठीतले जे रूप खरीखुरी शक्यता सांगते, त्याच्यासारखे दिसणारे इंग्रजी रूप शक्यता दूर लोटते. मुले अडखळतात ती इथे. त्यांच्या कानाला ‘विल’ही भविष्याचे म्हणून हवेसे वाटते आणि मग वहीत ‘इफ इट विल रेन’ उमटते.

दुसरा फरक जोडणीचा. मराठीत ‘जर’ सहज गळतो, ‘तर’ राहतो. इंग्रजीत उलट : ‘इफ’ राहतो, ‘देन’ गळतो. त्यामुळे इंग्रजी ऐकणाऱ्याला वाक्य सुरू होतानाच कळते की ही अट आहे. मराठी ऐकणाऱ्याला पुष्कळदा दोन वाक्यांच्या सांध्यावर पोचल्यावर कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत मनोरंजक. जे घडलेले नाही, जे खरे नाही, ते सांगायला मराठीत ‘असतो, असता, असते’ ही संकेतार्थाची रूपे आहेत. ‘माझ्याकडे पैसे असते तर दिले असते’ हे वाक्य आजच्या कडकीबद्दल असू शकते आणि गेल्या वर्षीच्याही. काळ संदर्भावरून ठरतो. इंग्रजीत मात्र आजच्याकरिता ‘इफ आय हॅड मनी, आय वुड गिव्ह’ आणि गेल्या वर्षीकरिता ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गिव्हन’ असे दोन वेगळे साचे आहेत. दोन्हींत युक्ती एकच : क्रियापद एक पायरी मागे ढकलायचे. आजच्या गोष्टीला भूतकाळ, भूतकाळातल्या गोष्टीला त्याहून मागचा भूतकाळ.

पण पैसे आज नाहीत हे सांगायला भूतकाळाचे काय काम? सबीन इयात्रिदू या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात याचे नेटके उत्तर सुचवले. त्यांच्या मते भूतकाळी प्रत्ययाचा मूळ अर्थ ‘मागे’ असा नसून ‘इथे नाही’ असा आहे. कालाच्या बाबतीत ‘इथे नाही’ म्हणजे ‘आत्ता नाही’, झाला भूतकाळ. जगाच्या बाबतीत ‘इथे नाही’ म्हणजे ‘या खऱ्या जगात नाही’, झाली कल्पना. हे स्पष्टीकरण सर्वांनाच पटलेले नाही, पण आम्हाला ते आवडते. अंतराची हीच युक्ती आपण अदबीसाठीही वापरतो ना? ‘मला जरा विचारायचं होतं’ असे म्हणणाऱ्याला आत्ताच विचारायचे असते. ‘होतं’ फक्त दोघांमध्ये थोडी जागा सोडते. इंग्रज माणूसही तेच करतो : ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग.’

इथे एक सावधगिरीची सूचना. भाषेत एखादे रूप नसेल तर ती भाषा बोलणाऱ्यांना तो विचारच करता येत नाही, असे अनुमान काढण्याचा मोह फार जुना आहे. आल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये असा दावा केला की, चिनी भाषेत न घडलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाचे वेगळे रूप नसल्यामुळे चिनी भाषकांना तसा विचार करणे जड जाते. दोनच वर्षांनी टेरी ऑ यांनी दाखवून दिले की, चाचणीसाठी वापरलेल्या गोष्टींची चिनी भाषाच ओबडधोबड होती. सरळ चिनीत गोष्टी दिल्यावर वाचकांना त्या नीट समजल्या. दोष प्रश्नपत्रिकेचा होता! परीक्षक असणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

धूर, ग्राफाइट आणि शुक्र

आता विज्ञानाच्या तासाला जाऊ. ‘इफ अ सबस्टन्स इज अ मेटल, इट कंडक्ट्स इलेक्ट्रिसिटी.’ धातू असेल तर विजेचा वाहक असतो. हे शून्य क्रमांकाच्या चौकटीतले वाक्य. व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत सोपे. पण त्यातून काय निघते आणि काय निघत नाही हे मुलांना विचारून पाहावे. पदार्थ वाहक नाही, तर तो धातू नाही : हे निघते. पदार्थ वाहक आहे, म्हणून तो धातू आहे : हे निघत नाही. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते आणि ते धातू नाही. तरीही उलटे अनुमान काढणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतील, आणि मोठ्या माणसांतही ती कमी नाहीत.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. आणि त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे आहे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

विज्ञानाच्या इतिहासातही या ‘इफ’च्या दिशेला मोठे महत्त्व आले आहे. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या. टॉलेमीची रचना खरी असेल, तर शुक्र नेहमी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्येच राहील आणि आपल्याला त्याची फक्त कोर दिसेल. जवळजवळ पूर्ण बिंब कधीच दिसणार नाही. गॅलिलिओला ते दिसले. म्हणजे ‘तर’नंतरचा भाग खोटा ठरला, म्हणून ‘जर’नंतरचाही खोटा. टॉलेमीची रचना बाद झाली. इथवर तर्क पक्का आहे.

पुढचे पाऊल मात्र जपून टाकावे लागते. कोपर्निकस बरोबर असेल तर शुक्राच्या सर्व कला दिसतील; त्या दिसल्या; म्हणून कोपर्निकस सिद्ध झाला? नाही. टायको ब्राहेची रचना, ज्यात इतर ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, तीही अगदी त्याच कला दाखवते. पाठ्यपुस्तके हा प्रसंग सांगताना बहुधा हे दुसरे पाऊल गुपचूप उचलतात. एका निरीक्षणाने सिद्धान्त पाडता येतो, पण एका अनुकूल निरीक्षणाने तो उभा राहत नाही. ही विषमता कार्ल पॉपर यांनी विसाव्या शतकात गाजवली खरी. पण ती ‘इफ’च्या व्याकरणातच दडलेली आहे.

चार कार्डे

हे इतके सोपे असेल तर माणसे चुकतात का? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एक कोडे प्रसिद्ध केले. त्याची मराठी आवृत्ती अशी करता येईल. टेबलावर चार कार्डे आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वरून दिसतात : अ, क, ४, ७. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरवायला कोणकोणती कार्डे उलटावी लागतील?

पुढे वाचण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहावे. बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात, किंवा नुसते ‘अ’. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. ‘४’च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, नियमाने सम अंकांबद्दल काही म्हटलेलेच नाही. ‘७’च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम कोसळतो. सुशिक्षित प्रौढांतही बरोबर उत्तर देणारे साधारण दहात एखादाच निघतो, असे अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

गंमत पुढे आहे. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी अमेरिकेतल्या फ्लॉरिडा येथे हेच कोडे दारूबंदीच्या वयाच्या नियमात बसवून विद्यार्थ्यांना दिले : बिअर पिणारा असेल तर त्याचे वय १९ च्या वर असले पाहिजे. या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर कार्डे निवडली. आपल्या वर्गात बसचा नियम वापरावा : सवलतीचा पास असेल तर विद्यार्थ्याचे ओळखपत्र असलेच पाहिजे. कंडक्टर कोणाला हटकेल? सवलतीचा पास दाखवणाऱ्याला आणि ओळखपत्र नसणाऱ्याला. पूर्ण तिकीट काढलेल्याकडे ओळखपत्र आहे की नाही, याची त्याला पर्वा नाही. सातवीतला मुलगाही हे चटकन सांगेल.

असे का होते यावर बराच वाद झाला. कोणी म्हणतात, लबाडी पकडण्याची माणसाची क्षमता उत्क्रांतीतून आलेली आहे. कोणी म्हणतात, परवानगी आणि अट यांचे साचे आपण अनुभवातून शिकतो. आमचे मत असे की, दोन्ही कोड्यांत शब्द ‘इफ’ असला तरी व्यवहार निराळा आहे. कार्डांचा नियम जगाचे वर्णन करतो. तो मोडला तर नियम खोटा ठरतो. बसचा नियम कर्तव्य सांगतो; तो मोडला तर नियम खरा राहतो आणि प्रवासी दोषी ठरतो. दुसऱ्या प्रकारात आपण नैसर्गिकपणे नियम मोडणाऱ्याला शोधू लागतो. पहिल्यात मात्र नियमाला दुजोरा देणारे पुरावे शोधण्याकडे मन झुकते. प्रयोगशाळेतही तो झुकतोच, म्हणून सांगितले.

तिसरा व्यवहार वचनाचा. आई म्हणते, ‘इफ यू फिनिश युअर होमवर्क, यू कॅन प्ले.’ तर्कशास्त्राच्या कडक हिशेबाने गृहपाठ न केल्यास काय, हे आईने सांगितलेलेच नाही! पण कोणताही मुलगा हा युक्तिवाद आईपुढे मांडणार नाही. गृहपाठ नाही तर खेळ नाही, हे न बोलता कळते. मायकेल गाइस आणि आर्नोल्ड झ्विकी यांनी १९७१ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधले : वचन आणि धमकी यांतले ‘इफ’ ऐकणाऱ्याला दुहेरी अट मानायला आमंत्रणच देते. मुले घरी हे ‘इफ’ शिकून येतात आणि ग्राफाइटला लावतात. त्यांची चूक मूर्खपणाची नाही. एका व्यवहाराची सवय दुसऱ्यात आणल्याची आहे. हे ओळखले तर शिक्षकाचे समजावणेही वेगळे होईल.

मराठीने इथे एक सोय करून ठेवली आहे. ‘गृहपाठ केलास तर खेळायला मिळेल’ आणि ‘गृहपाठ केलास तरच खेळायला मिळेल’ यांतला फरक एका ‘च’ने होतो. इंग्रजीत त्याला ‘ओन्ली इफ’ असे दोन शब्द लागतात आणि त्यांची दिशा मुलांना फार गोंधळात टाकते. गणिताच्या तासाला प्रश्न असा घालावा : ‘संख्येला ४ ने भाग जात असेल तर २ ने जातो’ हे खरे, ‘४ ने भाग जात असेल तरच २ ने जातो’ हे खरे का? सहा ही संख्या लगेच उत्तर देते.

गणितज्ञ स्वतः मात्र धुतल्या तांदळासारखे नाहीत. दुहेरी अटीसाठी त्यांनी ‘इफ’मध्ये एक ‘एफ’ जास्त घालून वेगळा शब्दच तयार केला. जॉन केली यांच्या १९५५ च्या पुस्तकात तो छापला गेला. पण व्याख्या लिहिताना तेच लोक साधे ‘इफ’ वापरतात : ‘२ ने निःशेष भाग जात असेल तर संख्येला सम म्हणतात.’ इथे अर्थ ‘तरच’सकट असतो आणि तो रूढीने समजून घ्यायचा असतो. प्रमेयातले ‘इफ’ एकेरी, व्याख्येतले दुहेरी. हे विद्यार्थ्याला कोणी सांगितले नाही तर त्याने ओळखायचे कसे?

संगणकाच्या भाषांतले ‘इफ’ आणखी वेगळे. १९५७ च्या फोरट्रानमध्ये ‘इफ’पुढे एक राशी आणि तीन पत्ते दिले जात : राशी ऋण असेल तर पहिल्या पत्त्यावर जा, शून्य असेल तर दुसऱ्या, धन असेल तर तिसऱ्या. हे विधान नाही, हुकूम आहे. तो खरा-खोटा नसतो, पाळला जातो.

जे झाले नाही, त्याचा अभ्यास

तिसरी चौकट, ‘इफ ही हॅड स्टडीड’वाली, वर्गात हळहळीची म्हणून शिकवली जाते. आमच्या मते विज्ञानाला सर्वांत मोलाची हीच.

आधी दोन वाक्ये शेजारी ठेवू. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. अर्नेस्ट ॲडम्स या तत्त्वज्ञांनी १९७० मध्ये या घटनेवरून दाखवलेला भेद मराठीत असा मांडता येतो. ‘ऑस्वाल्डने केनेडींना मारले नसेल, तर दुसऱ्या कोणीतरी मारले.’ हे कोणीही मान्य करील. केनेडींची हत्या झाली हे तर ठरलेलेच आहे. ‘ऑस्वाल्डने केनेडींना मारले नसते, तर दुसऱ्या कोणीतरी मारले असते.’ हे मानायला मोठ्या कटावर विश्वास हवा. पहिल्या भागात बदल केवढा? ‘नसेल’चे ‘नसते’ झाले, एवढाच. पहिले वाक्य आपल्या माहितीबद्दल आहे, दुसरे जगातल्या कार्यकारणभावाबद्दल.

एखादे औषध घेऊन रोगी बरा झाला. औषधाने बरा झाला का? याचा अर्थ एवढाच की, औषध घेतले नसते तर तो बरा झाला नसता का? पण औषध न घेतलेला तोच रोगी, त्याच दिवशी, कोठून आणायचा? तो कधीच मिळत नाही. म्हणून त्याच्यासारखा दुसरा शोधतात. जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. उरलेल्या पाच जोड्या म्हणजे ‘संत्री-लिंबे दिली नसती तर?’ या वाक्याचे जिवंत उत्तर होते. नियंत्रित गट म्हणजे तिसऱ्या चौकटीतले वाक्य माणसांत उतरवणे. ‘काढा प्यालो आणि ताप उतरला’ असे सांगणाऱ्याला हेच विचारायचे असते : प्याला नसतात तर?

पृथ्वी मात्र एकच आहे. तिची जोडी लावता येत नाही. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्णतेची लाट आली. माणसाने हवेत वायू सोडले नसते तर ती आली असती का? स्टॉट, स्टोन आणि ॲलन यांनी २००४ मध्ये संगणकावर तशी पृथ्वी तयार करून उत्तर दिले : माणसाच्या प्रभावामुळे अशा लाटेचा धोका निदान दुप्पट झाला, असे मानायला भक्कम आधार आहे. लाट ‘माणसामुळेच’ आली असे त्यांनी म्हटले नाही. वृत्तपत्रांत अशा बातम्या वाचताना हा फरक मुलांना काढायला लावावा.

आता उरला तो रोजच्या बोलण्यातला व्यवहार, जो कोणत्याच चौकटीत मावत नाही. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञांनी १९५६ च्या एका व्याख्यानात दिलेले उदाहरण बिस्किटांचे आहे : तुम्हाला हवी असतील तर बिस्किटे कपाटावर आहेत. नको असतील तर काय, ती नाहीशी होतात? ग्राफाइटला लावलेला नियम इथे लावला तर हसे होते : बिस्किटे नाहीत, म्हणून तुम्हाला ती नको आहेत! इथे अट बिस्किटांच्या असण्याला नाही, ती माहिती उपयोगी पडण्याला आहे. भाषाशास्त्रात या वाक्यांना आजही बिस्किटांच्याच नावाने ओळखतात.

याच जातीचे एक धूर्त भावंड आहे : ‘आय ॲम सॉरी इफ एनीवन वॉज हर्ट.’ आपल्याकडे त्याचे रूप ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’ असे. दुखावलेली माणसे समोर उभी असताना त्यांच्या दुखावण्यालाच शंकेच्या कप्प्यात टाकण्याचे काम हे ‘इफ’ करते. वरच्या वर्गातल्या मुलांना अशी चार निवेदने आणायला सांगून त्यांतला ‘इफ’चा भाग कापून पाहायला लावावा.

आणि शेवटी, ज्याला दुसरा भागच नाही असे ‘इफ’. इंग्लंडातला डॉक्टर म्हणतो, ‘इफ यू कुड जस्ट रोल अप युअर स्लीव्ह’ आणि थांबतो. व्याकरणाच्या तासाला या अर्धवट वाक्याला लाल रेघ मिळेल. रोगी मात्र पुढच्या ‘देन’ची वाट न पाहता बाही वर करतो. आपल्या एस. टी. त तिघांच्या बाकावर बसलेल्यांना चौथा म्हणतो, ‘जरा सरकून बसलात तर…’ आणि तिघे सरकतात.